स्वतः बांधलेला डेक घेऊन मॅजिकच्या स्पर्धेत उतरताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक जण पानांचा आपापला संच, म्हणजे डेक, घेऊन येतो. त्याच्या स्पर्धेत बऱ्याच टेबलांवर इंटरनेटवरून जसेच्या तसे उतरवून घेतलेले डेक दिसतात. त्यात गैर काहीच नाही. अशा डेकमध्ये लँड (बाकीची पानं खेळायला लागणारी ताकद, म्हणजे माना, देणारी पानं) किती घालायच्या, कुठल्या पानाच्या चार प्रती ठेवायच्या आणि कुठल्याच्या तीन, हा हिशेब अनेकांनी असंख्य डाव खेळून आधीच करून ठेवलेला असतो. घरी बांधलेला डेक बहुतेक वेळा इथेच मार खातो. कल्पना झकास असते, पण आकडेमोड कोणी केलेली नसते. उलट त्याचा एक खरा फायदाही आहे. पहिल्या डावात समोरच्याला तुमच्याकडे काय आहे याचा पत्ता नसतो, त्यामुळे तो चुकीची पानं हातात धरून बसतो. हा फायदा हिशेबाच्या चुकांत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

उदाहरण म्हणून पॉपर हा प्रकार घेऊ. यात फक्त कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या दर्जाची, पानं चालतात, त्यामुळे 75 पानांचा खर्च इतर प्रकारांच्या मानाने बराच कमी येतो. 2019 मध्ये या प्रकाराला अधिकृत मान्यता मिळाली. एखादं पान कुठल्याही एका अधिकृत छपाईत, अगदी ऑनलाइन आवृत्तीतसुद्धा, कॉमन म्हणून आलं असेल तर ते चालतं. मग तुमच्या प्रतीवरचं चिन्ह चंदेरी, म्हणजे अनकॉमनचं, का असेना. बंदी घातलेल्या पानांची यादी मात्र बदलत असते. ती स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघाच.

चौकट

मुख्य डेक किमान 60 पानांचा आणि साइडबोर्ड (पहिल्या डावानंतर डेकमध्ये बदलून घालायची पानं) जास्तीत जास्त 15 पानांचा. बेसिक लँड (प्लेन्स, माउंटनसारख्या साध्या लँड) सोडल्या तर दोन्ही मिळून एका नावाच्या चारच प्रती चालतात. 60 च्या वर कितीही पानं घालता येतात, पण घालू नका. एकसष्टावं पान घातलं की उरलेली साठही पानं थोडी थोडी उशिरा येतात. सामना तीन डावांचा आणि फेरी साधारण 50 मिनिटांची. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1.

आता डेक. पांढरा-लाल, छोट्या टोकनांचा (टोकन म्हणजे डेकमध्ये नसलेले, दुसऱ्या पानाच्या परिणामाने टेबलावर येणारे क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी):

4 थ्रेबन इन्स्पेक्टर
4 स्क्वॉड्रन हॉक
4 कोर स्कायफिशर
4 बॅटल स्क्रीच
4 रेज द अलार्म
3 रॅली द पेझंट्स
4 लाइटनिंग बोल्ट
3 फायरबोल्ट
3 जर्नी टू नोव्हेअर
4 फेथलेस लूटिंग
23 लँड: 9 प्लेन्स, 4 माउंटन, 4 विंड-स्कार्ड क्रॅग, 4 रस्टव्हेल ब्रिज, 2 बोरोस गॅरिसन

डेक जिंकतो कसा, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर डेक अजून बांधून झालेला नाही. या डेकचं वाक्य असं: बॅटल स्क्रीच आणि तिचा फ्लॅशबॅक मिळून 1/1 चे (ताकद 1, तग 1) चार उडते पक्षी येतात, आणि हल्लेखोरांची ताकद 2 ने वाढवणारी रॅली एकदा हातातून, एकदा फ्लॅशबॅकने खेळली की प्रत्येक पक्षी 5 चा होतो. फ्लॅशबॅक म्हणजे वापरून झालेलं पान ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे टाकलेल्या पानांच्या ढिगातून, पुन्हा एकदा खेळणं. 4 गुणिले 5 म्हणजे 20, म्हणजे समोरच्याचं पूर्ण आयुष्य. दोन्ही रॅलींना मिळून 6 माना लागतात, त्यात एक पांढरा आणि एक लाल हवाच. प्रत्येक पानाला या वाक्याच्या कसोटीवर तपासा. लूटिंग इथे कशाला? कारण एक हॉक उरलेल्या तिघांना लायब्ररीतून (अजून न उचललेल्या गड्डीतून) हातात आणतो. त्यातले जास्तीचे दोन टाकून दोन नवी पानं घेता येतात. टाकलेलं पान बॅटल स्क्रीच असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्या फ्लॅशबॅकला माना लागतच नाही. तीन पांढरे क्रीचर टॅप केले, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवे वळवले, की झालं.

लँडचा हिशेब

नवख्याच्या डेकमध्ये सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

23 लँडच्या 60 पानांत पहिल्या 7 पानांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे 16.5 टक्के, तर सहा किंवा सात येण्याची 1 टक्का. म्हणजे साधारण सहा हातांत एक हात मुळातच खेळण्याजोगा नसतो. पाच फेऱ्यांत जास्तीत जास्त 15 डाव होतात. त्यात असे दोन-तीन हात येणारच, ते दुर्दैव नव्हे. त्यांची तयारी आधीच ठेवायची.

बॅटल स्क्रीचला चार माना लागतात. आधी खेळणाऱ्याला चौथ्या पाळीपर्यंत 10 पानं दिसतात आणि त्यांत चार लँड असण्याची शक्यता जेमतेम 59 टक्के भरते. नंतर खेळणाऱ्याला 11 पानं दिसतात, तिथे हीच शक्यता 68 होते. गॅरिसन एकटी दोन माना देते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून थोडा बरा येतो. 24 लँड घेतल्या तर 10 पानांत 63 टक्के. 20 लँडवर खेळणारे पुष्कळ लाल डेक आहेत, पण त्यांना चौथी लँड लागतच नाही. त्यांची नक्कल करून इथली लँड कमी केली की स्क्रीच हातातच कुजते.

यानंतर रंग. दोन रंगांच्या डेकमध्ये लँड निम्म्या-निम्म्या वाटायचा मोह होतो. 12 लँड एका रंगाच्या असतील तर दुसऱ्या पाळीला, आधी खेळताना, त्या रंगाचे दोन माना मिळण्याची शक्यता केवळ 51 टक्के असते. 20 असतील तर 82. पहिल्या 7 पानांत एखाद्या रंगाची निदान एक लँड येणं असं बदलतं: 9 लँडला 70 टक्के, 12 ला 81, 14 ला 86. म्हणून दोन्ही रंगांत जड, दोन-दोन चिन्हांची (त्याच रंगाचे दोन माना मागणारी) पानं घेऊ नयेत. एक रंग मुख्य ठेवायचा आणि दुसऱ्यातली एकेरी चिन्हाची पानंच घ्यायची. आपल्या यादीत पांढऱ्या माना देणाऱ्या लँड 19 आहेत, त्यामुळे चौथ्या पाळीपर्यंत स्क्रीचचे दोन पांढरे मिळण्याची शक्यता जवळपास 90 टक्के होते. लाल 14 आहेत.

पण या 14 मध्ये मेख आहे. क्रॅग, ब्रिज आणि गॅरिसन या दहाही लँड टॅप होऊनच येतात, म्हणजे आल्या त्या पाळीत माना देत नाहीत. पहिल्याच पाळीला बोल्ट टाकायचा तर हातात माउंटन हवा, आणि माउंटन चारच आहेत. चार प्रतींचं कुठलंही पान पहिल्या 7 मध्ये येण्याची शक्यता 40 टक्के. म्हणजे कागदावर 14 लाल लँड असल्या तरी पहिल्या पाळीला खऱ्या 4 च. या डेकने पहिल्या पाळीच्या बोल्टवर विसंबू नये. पहिली पाळी टॅप होणारी लँड टाकण्यात घालवणं हाच त्याचा स्वभाव आहे.

प्रतींच्या संख्येचाही विचार असाच करायचा. पहिल्या हातात हवंच असलेलं पान चार प्रतींत. शेवटी लागणारं आणि दोन आली तर अडचण करणारं पान दोन किंवा तीन. एकेका प्रतीचं पान 10 पानांत दिसण्याची शक्यता 17 टक्के असते. सहा वेगवेगळ्या एकेकट्या 'मजेदार' पानांनी डेक मजेदार होत नाही, फक्त दर डावाला वेगळा वागतो.

स्लीव्ह आणि पानांची अवस्था

शंभर स्लीव्हचं एकच पाकीट घ्या. 75 वापरायच्या, 25 राखीव. पानाचा आकार 63 गुणिले 88 मिलिमीटर असतो, त्याला 66 गुणिले 91 ची स्लीव्ह बसते. पाठ पूर्ण अपारदर्शक हवी. भरण्याआधी स्लीव्हसुद्धा पिसून घ्या. आधीच्या डेकच्या वापरलेल्या स्लीव्हमध्ये लँड आणि नव्या कोऱ्यांमध्ये बाकीची पानं, असं केलं तर कडांवरून लँड ओळखू येतात. हेतू नसला तरी जजच्या लेखी ती खूण केलेली पानंच ठरतात, आणि त्यात नियमितपणा दिसला तर डाव जातो.

मुंबई, कोकण, गोवा या बाजूच्या खेळाडूंनी पावसाळ्यात चकचकीत फॉइल पानांपासून सावध राहावं. पानाचा कागद हवेतली ओल धरतो आणि फुगतो, वरचा फॉइलचा थर फुगत नाही, म्हणून पान वाकतं. 60 पानांत चार वाकलेली बॅटल स्क्रीच असतील तर काटताना बोट आपोआप तिथेच थांबतं. हे समोरच्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. साधी प्रत वापरा. हौस असेल तर फॉइल टोकनला लावा, ती डेकमध्ये जात नाहीत. झेरॉक्स काढलेलं किंवा हाताने लिहिलेलं पान मान्यताप्राप्त स्पर्धेत चालत नाही. स्पर्धेदरम्यान पान खराब झालं तरच जज बदली पान देतो.

सराव आणि साइडबोर्ड

तीन डावांच्या सामन्यात साइडबोर्डशिवायचा डाव एकच असतो, साइडबोर्डनंतरचे एक किंवा दोन. तरी सरावात मात्र सगळे पहिलाच डाव पुन्हा पुन्हा खेळतात. उलटं करा. तुमच्या भागात जे चार-पाच डेक हमखास भेटतात, त्यांतल्या प्रत्येकाशी पाच डाव साइडबोर्डआधी आणि दहा डाव नंतर खेळा. खेळताना हातात अडकून राहिलेल्या पानाची नोंद वहीत करा. 'हे पान बरं वाटतं' यापेक्षा 'हे पान आठ डावांत सहा वेळा हातातच राहिलं' ही नोंद कामाची.

या डेकचा साइडबोर्ड: 4 पायरोब्लास्ट, 3 डस्ट टू डस्ट, 3 प्रिझमॅटिक स्ट्रँड्स, 3 फेअरी मकाब्र, 2 इलेक्ट्रिकरी.

ग्रेव्हयार्ड वापरणाऱ्या डेकविरुद्ध बहुतेक जण डोळे झाकून रेलिक ऑफ प्रोजेनिटस घालतात. या डेकमध्ये ते पायावर धोंडा पाडून घेणं आहे. रेलिक मोडली की सगळ्यांचीच ग्रेव्हयार्ड रिकामी होतात, आणि आपली स्क्रीच, रॅली, लूटिंग, फायरबोल्ट हे सगळं फ्लॅशबॅकसाठी तिथेच पडलेलं असतं. फेअरी मकाब्र हातातून टाकली की निवडलेली दोनच पानं जातात, तेही माना न देता. दुसऱ्याच्या यादीतून साइडबोर्ड उचलला की अशा गाठी बसतात.

डस्ट टू डस्टचीही एक खोच आहे. ती दोन आर्टिफॅक्ट (वस्तूंची पानं) हद्दपार करते, म्हणजे डावाबाहेर काढते, आणि लक्ष्य दोन हवीतच. समोर एकच आर्टिफॅक्ट असेल तर दुसरं लक्ष्य म्हणून स्वतःचा रस्टव्हेल ब्रिज (तो लँड असून आर्टिफॅक्टही आहे) द्यावा लागेल. तरी हेच पान घ्यायचं, कारण समोरच्याच्या ब्रिज लँड नष्ट करता येत नाहीत, हद्दपार करता येतात.

प्रत्येक डेकपुढे काय आत आणि काय बाहेर, हे घरीच लिहून ठेवा:

ॲफिनिटी (आर्टिफॅक्टचा डेक): आत 3 डस्ट टू डस्ट, बाहेर 3 फायरबोल्ट. मिर एन्फोर्सर 4/4 चा, 2 चा मार त्याला लागत नाही.
निळा टेरर (ग्रेव्हयार्डमधल्या पानांमुळे स्वस्त होणाऱ्या टेररचा डेक): आत 4 पायरोब्लास्ट, बाहेर 3 फायरबोल्ट आणि 1 रेज द अलार्म. इथे मकाब्र घालू नका. दोन पानं उडवून टेरर फक्त दोन मानांनी महाग होतो.
लाल बर्न (थेट मार देणारा डेक): आत 3 स्ट्रँड्स, बाहेर 2 लूटिंग आणि 1 रॅली. स्ट्रँड्सचा फ्लॅशबॅक एक पांढरा क्रीचर टॅप करून होतो, म्हणून एक क्रीचर हल्ल्याला न पाठवता घरी ठेवायचा.
एल्व्ह आणि फेअरी (छोट्या क्रीचरांचे डेक): आत 2 इलेक्ट्रिकरी, बाहेर 2 जर्नी. ओव्हरलोडला (एकाऐवजी समोरच्याच्या सगळ्या क्रीचरांना मार देण्याला) दोन लाल लागतात, त्या हिशेबाने लँड टाका.

ही चिठ्ठी दोन डावांच्या मधे थोडक्यात बघायला परवानगी आहे. डाव चालू असताना नाही.

डेकलिस्ट

दुकानातल्या साध्या संध्याकाळच्या स्पर्धेत यादी मागतीलच असं नाही. पात्रता फेरीसारख्या स्पर्धेत ती द्यावीच लागते, आणि तिथे नियमांची पातळीही कडक असते. पानांची पूर्ण इंग्रजी नावं लिहा, लाडाची नावं नकोत. मुख्य डेकची बेरीज 60 आणि साइडबोर्डची 15 झाली का, ते दोनदा मोजा. मग यादी समोर ठेवून प्रत्यक्ष डेकमधली पानं एकेक करून टिचकी मारत तपासा. यादीत 22 लँड आणि डेकमध्ये 23, ही चूक फार सर्रास होते. आदल्या रात्री अकरा वाजता एक पान बदललेलं असतं आणि यादी दुपारीच लिहिलेली असते. याला साधारणपणे डाव गमावण्याची शिक्षा आहे.

स्पर्धेच्या दिवशी

सोबत न्यायचं: डेक आणि साइडबोर्ड वेगवेगळ्या कप्प्यांत, राखीव स्लीव्ह, पेन आणि कागद, पक्षी आणि सैनिकांची टोकन प्रत्येकी आठ, पाणी आणि डबा. आयुष्याचे आकडे फाशावर ठेवू नका, कागदावर लिहा. फासा कोपर लागून फिरतो आणि मग 11 होते की 14 यावर वाद होतो. कागदावर आधीचा प्रत्येक आकडा असतो. टोकन म्हणून एकसारखी नाणी ठेवणंही टाळा. उडता पक्षी कुठला आणि जमिनीवरचा सैनिक कुठला, हे समोरच्याला न विचारता दिसलं पाहिजे.

फेरी सुरू होताना खुर्चीत असा. कडक पातळीच्या स्पर्धेत उशिरा पोचलात तर एक डाव जातो, दहा मिनिटं उलटली तर सामनाच.

पिसण्याचं काम रमी-मेंढीकोटाच्या सवयीवर सोडू नका. दोन गड्ड्या करून एकमेकींत सरकवण्याचं काम किमान सात वेळा करा. पानं ढिगांत वाटणं म्हणजे पिसणं नव्हे, ती मोजणी आहे, आणि ती डावाच्या सुरुवातीला एकदाच करता येते. मग डेक समोरच्याला द्या. तोही पिसणार, तुम्हीही त्याचा पिसायचा. याचा राग मानायचं कारण नाही, कडक पातळीवर ते बंधनच आहे.

पहिला हात बघताना तीन प्रश्न विचारा: पांढरा माना आहे का, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला खेळायला काही आहे का, आणि स्क्रीच किंवा तिच्यापर्यंत नेणारं काही आहे का. पहिल्या दोहोंपैकी कुठल्याही एकाचं उत्तर 'नाही' असेल तर मुलिगन घ्या, म्हणजे हात परत पिसून नवा घ्या. आता मुलिगनमध्ये पुन्हा सात पानं घेऊन जितके मुलिगन तितकी पानं तळाला ठेवता येतात, त्यामुळे सहा पानांचा हात वाटतो तितका वाईट नसतो. दोन लँड आणि पाच महाग पानांचा हात 'एक तर येईल' म्हणून ठेवणं, यात जास्त डाव जातात.

खेळताना या डेकमध्ये हमखास होणाऱ्या दोन चुका सांगतो. पहिली, स्क्रीच खेळायच्या पाळीत आधी सगळ्यांना हल्ल्याला पाठवणं. फ्लॅशबॅकला टॅप न झालेले तीन पांढरे क्रीचर लागतात. नुकतेच आलेले दोन पक्षी त्यासाठी त्याच पाळीत चालतात, पण तिसरा कोणी तरी उभा असायला हवा. दुसरी, कोर स्कायफिशरसोबत (तो आला की टेबलावरचं आपलं एक पान हातात परत घ्यावं लागतं) सवयीने जर्नी परत हातात घेणं. जर्नी उठली की तिने हद्दपार केलेला समोरच्याचा क्रीचर परत येतो. इन्स्पेक्टर किंवा टॅप झालेली लँड उचला.

घड्याळ हा टोकन डेकचा छुपा शत्रू आहे. तीन डावांना 50 मिनिटं म्हणजे पिसणं आणि साइडबोर्ड धरून डावाला जेमतेम 16. वेळ संपली की चालू पाळी आणि त्यानंतर पाच पाळ्या मिळतात. मग बरोबरी. समोरचा मुद्दाम रेंगाळतोय असं वाटलं तर वाद न घालता हात वर करून जजला बोलवा. नियमाबद्दल शंका आली तरीही तेच. जजचा निर्णय पटला नाही तर मुख्य जजकडे दाद मागता येते. बरोबरी आपसात ठरवता येते, पण सामना कोण जिंकला हे नाणं उडवून ठरवायचं किंवा त्यासाठी बक्षीस वाटून घ्यायचं, असं गमतीतसुद्धा बोलू नका. त्याची शिक्षा फार मोठी असते.

सामना संपल्यावर साइडबोर्डची पानं परत काढून मूळ 60 करा, आणि हे टेबलावरून उठायच्या आधी करा. पुढच्या फेरीच्या पहिल्या डावात पायरोब्लास्ट निघाला तर डेक यादीशी जुळत नाही, आणि ती चूक तुमची. साइडबोर्डमध्ये 15 पानं मोजा, बस. ती 15 तीच आहेत ना, हेही एकदा बघा.

17 ते 32 खेळाडूंना साधारण पाच स्विस फेऱ्या (कोणी बाद न होता, सारख्या गुणांच्या खेळाडूंत होणाऱ्या) होतात, 33 ते 64 ना सहा. गुण सारखे झाले तर आधी तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी बघतात. म्हणून पहिल्या फेरीतला पराभव शेवटच्या फेरीतल्या पराभवापेक्षा महागात पडतो. पहिल्याच फेरीत हरलात की पुढचे प्रतिस्पर्धीही खालच्या टेबलांवरचे मिळत जातात.

घरी आल्यावर एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त पानं बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. रॅली वारंवार हातात अडकली असेल तर 3 च्या 2 करा आणि मोकळी झालेली जागा चोविसाव्या लँडला द्या. लाल माना कमी पडला असेल तर एक प्लेन्स काढून पाचवा माउंटन घाला. पांढऱ्या 18 राहतात, स्क्रीचला त्या पुरतात.